माळ्यावरची बंदूक : ओळख, कायदा आणि किंमत

वडिलोपार्जित लष्करी बंदुकीची किंमत तिच्या लोखंडात थोडी असते. ती जास्त असते तिच्यावर ठोकलेल्या अक्षरांत आणि तिच्यासोबत जपलेल्या कागदांत. ही अक्षरे वाचता आली तर बंदूक कुठे बनली, कधी बनली, कोणाच्या हातात होती, हे बरेचसे कळते. कागद शाबूत असतील तर ती घरात राहू शकते का, हेही कळते. हे दोन्ही न पाहता जो आधी भाव विचारतो, तो बहुधा फसतो किंवा अडचणीत येतो. म्हणून या प्रकरणात आधी शस्त्राचा आणि उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर परिसराचा संबंध पाहू. मग सुरक्षितता, कायदा आणि ओळख. किंमत अगदी शेवटी.

तीन शहरे आणि शस्त्रांचे नाते

कल्याणच्या पुढे कर्जतच्या दिशेने लागणारी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे. त्यांचा आणि लष्कराचा संबंध वरवरचा नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या माळरानावर ब्रिटिशांनी मोठी लष्करी छावणी वसवली. फाळणीनंतर तिच्या रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणी जाऊन पाऊणशे वर्षे झाली, पण ‘कॅम्प नंबर एक’पासून ‘कॅम्प नंबर पाच’पर्यंतचे पत्ते आजही लोकांच्या तोंडी आहेत.

अंबरनाथची ओळख पूर्वी अकराव्या शतकातल्या शिवमंदिराने होती. स्वातंत्र्यानंतर तिच्यात दोन सरकारी कारखान्यांची भर पडली. पितळ आणि ॲल्युमिनियमसारख्या अलोह धातूंचे काम करणारी ऑर्डनन्स फॅक्टरी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळाचे सात सरकारी कंपन्यांत विभाजन झाले, तेव्हा पहिला कारखाना यंत्र इंडियाकडे आणि दुसरा आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे गेला. या कारखान्यांत फिटर, टर्नर, मशिनिस्ट म्हणून आयुष्य घालवलेली माणसे अंबरनाथ आणि बदलापुरात घरोघरी आहेत. धातूवरचा ठसा हाताने ठोकला की यंत्राने, स्क्रूचे डोके आधी कोणी फिरवले आहे की नाही, हे ओळखणारी नजर या गावांत आहे. जुन्या शस्त्राच्या परीक्षेत लागते ती हीच नजर.

बदलापूर गेल्या काही दशकांत मुंबईकरांनी भरले. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, खानदेश इथली मूळ घरे सोडून माणसे इथे फ्लॅटमध्ये राहायला आली. गावचे घर विकताना किंवा वाटणी करताना माळ्यावरची पेटी उघडते, आणि तिच्यात जुन्या गोणपाटात गुंडाळलेली बंदूक निघते. प्रश्न सुरू होतात ते तिथून.

बंदूक घरात आली कशी?

‘पणजोबा लढाईत होते, त्यांचीच ही बंदूक’ असे अनेक घरांत सांगितले जाते. मराठी मुलखातून सैन्यात गेलेली माणसे अगणित आहेत, हे खरे. सातारा जिल्ह्यातल्या एका गावाचे नावच ‘अपशिंगे मिलिटरी’ आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या मराठा पलटणीच्या दोन शिपायांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. घाडगे यांना तो मरणोत्तर मिळाला. पण शिपायाची रायफल सरकारची असे. नोकरी संपताना ती शस्त्रागारात जमा होई आणि तिचा नंबर नोंदवहीत असे. शिपायाच्या घरी येत ती पदके, सेवापुस्तक आणि पेन्शनची कागदपत्रे. पहिल्या महायुद्धातल्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली सापडते. घराण्याचा लष्करी इतिहास शोधायचा असेल तर बंदुकीआधी ही पदके पाहावीत.

मग लष्करी बनावटीची बंदूक घरात यायची कोणत्या वाटेने? एक वाट वतनाची. पोलीस पाटील, इनामदार, संस्थानी सरदार, मोठे शेतकरी यांना परवाने मिळत. लष्करात नवा नमुना आला की जुना बाहेर विकला जाई. कित्येकदा त्याची नळी आतून गुळगुळीत करून तो छर्ऱ्यांच्या बंदुकीत बदललेला असे. दुसरी वाट शिकारीची. लष्करी रायफलीच्या यंत्रणेवर शिकारी रायफली बनत आणि मुंबई-कोलकात्याच्या पेढ्या त्या विकत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा घातला आणि या रायफली पेटीत गेल्या. तिसरी वाट राखणदारीची. रानडुकरांपासून पीक राखायला कोकणात ठासणीच्या बंदुका ठेवत, आणि त्यांतल्या काही मुळात जुन्या लष्करी बंदुका होत्या.

म्हणून घराण्याची कथा खोटी ठरवायची घाई करू नये, आणि तिच्यावर डोळे मिटून विश्वासही ठेवू नये. कथा लिहून ठेवावी आणि ती बंदुकीवरच्या खुणांशी ताडून पाहावी.

हात लावण्याआधी

सापडलेली प्रत्येक बंदूक भरलेली आहे असेच धरून चालावे. हा शिष्टाचार नव्हे, यात जीव वाचतो. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेट घेते. ठासणीच्या बंदुकीत बार भरून ठेवायचा आणि मग तसाच विसरायचा, असे पूर्वी सर्रास घडत असे.

जाणकार कारागीर ही तपासणी कशी करतो ते पाहण्यासारखे आहे. तो बंदूक आडवी ठेवतो, तोंड मोकळ्या दिशेला करतो. नळीच्या तोंडापासून, मागे जिथे बत्ती लागते त्या भोकापर्यंतचे अंतर बाहेरून मोजतो. मग लाकडी काठी नळीत हलकेच सोडतो, टेकली की तोंडापाशी काठीवर खूण करतो आणि काठी बाहेर काढून बाहेरच्या मापाशी लावतो. काठी पूर्ण अंतर आत गेली तर नळी रिकामी. दोन-तीन इंच आधीच अडली तर आत दारू आणि गोळी असण्याची शक्यता धरायची आणि काम तिथेच थांबवायचे. नळीत फुंकर मारणे, तोंडातून डोकावणे, घोडा ओढून ‘चालतो का’ पाहणे, यांतले काहीही करू नये. बोल्टच्या रायफलीतही काडतूस कोठीत अडकलेले असू शकते. मॅगझिन काढले म्हणजे रायफल रिकामी झाली, असे नाही.

काडतुसे सापडली तर ती वेगळी विचारात घ्यावीत. परवान्याशिवाय जिवंत काडतूस बाळगणे हाही गुन्हाच आहे, मग बंदूक घरात असो वा नसो.

आधी परवाना, मग बाकी सगळे

हिंदुस्थानात सामान्य माणसाच्या हातातले शस्त्र परवान्याखाली आणले ते लॉर्ड लिटनच्या काळातल्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने. आजचा शस्त्र अधिनियम १९५९ चा. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. सध्याचे नियम २०१६ चे आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, आणि वारशाने आलेल्या बंदुकाही या मर्यादेत मोजल्या जातात.

वारसांसाठी कळीचा मुद्दा असा : परवाना माणसाच्या नावावर असतो. परवानाधारक वारला की बंदूक आपोआप मुलाची होत नाही. ती घरातच ठेवून देणे बेकायदा ताब्यात मोडते. कायद्याच्या कलम २१ प्रमाणे अशी बंदूक विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागते. जमा केली म्हणजे ती गेली, असा समज आहे आणि तो चुकीचा आहे. ठरलेल्या मुदतीत कायदेशीर वारस परवाना मिळवून ती परत घेऊ शकतो किंवा पात्र व्यक्तीला विकू शकतो. परवानाधारक हयात असतानाही वाट आहे. त्याचे वय ७० झाले किंवा बंदूक २५ वर्षे त्याच्याकडे राहिली, यांतले जे आधी होईल त्यानंतर त्याने सुचवलेल्या वारसाला परवाना देता येतो. वृद्ध आजोबांच्या घरात ही तरतूद माहीत असेल तर पुढचा सारा घोळ टळतो.

अर्ज कोणाकडे करायचा? उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरे ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आहेत, त्यामुळे परवाना देणारे अधिकारी पोलीस आयुक्त. आयुक्तालयाच्या हद्दीबाहेरच्या गावांसाठी जिल्हाधिकारी. मूळ परवाना सातारा किंवा रत्नागिरीचा असेल तर त्याची नोंद तिथल्या दप्तरात असते. जुन्या परवान्याच्या वहीत बंदुकीचे वर्णन, नंबर, बोअर (म्हणजे नळीचा आतला व्यास) आणि नूतनीकरणाचे शिक्के असतात. ती वही फाटकी असली तरी फेकू नये.

परवाना मुळीच नसेल तर बंदूक उचलून रिक्षाने ठाण्यात नेऊ नये. आधी वकिलाचा सल्ला घ्यावा, पोलीस ठाण्यात लेखी माहिती द्यावी, पोच घ्यावी आणि पोलीस सांगतील तसे करावे. आपणहून कळवलेली बंदूक आणि झडतीत सापडलेली बंदूक, यांकडे पाहण्याची नजर वेगळी असते. विनापरवाना बंदुकीसाठी २०१९ नंतर दोन ते पाच वर्षांच्या कैदेची तरतूद आहे, आणि प्रतिबंधित शस्त्रासाठी सात ते चौदा वर्षांची.

‘प्रतिबंधित’ म्हणजे काय, हे लष्करी रायफलीच्या बाबतीत फार महत्त्वाचे आहे. .३०३ आणि ७.६२ मिलिमीटर बोअरच्या रायफली, त्यांची लष्करी काडतुसे ज्यात बसतात अशी कोणतीही रायफल, आणि .४१० बोअरची मस्केट या वर्गात येतात. तिथे स्थानिक अधिकाऱ्याच्या हातात सगळे नसते. केंद्र सरकारची मान्यता लागते.

आणि ‘ही तर पुराणवस्तू, हिला परवाना कशाला’ असे म्हणणाऱ्यांसाठी कलम ४५. कालबाह्य नमुन्याचे, पुरातन मूल्य असलेले किंवा नादुरुस्त शस्त्र कायद्यातून वगळले आहे खरे, पण ते दुरुस्तीसह किंवा दुरुस्तीशिवाय बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसेल तरच. नुसता गंज चढला म्हणून सूट मिळत नाही. चालू शकणाऱ्या ऐतिहासिक शस्त्रांचा वेगळा वर्ग नियमांत आहे आणि त्याला परवाना लागतो. आपले शस्त्र कुठे बसते, हे आपण ठरवायचे नाही, अधिकाऱ्यांकडून लेखी घ्यायचे.

ओळख : दारू पेटते कशी?

बंदूक ओळखण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तिची दारू पेटते कशी, हे पाहणे. तोड्याच्या बंदुकीत पेटती जामगी, म्हणजे वात, रंजकाला, म्हणजे पेटवणीच्या दारूला लावतात. चकमकीच्या बंदुकीत गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पाडते. टोपीच्या बंदुकीत घोडा तांब्याच्या छोट्या टोपीवर आदळतो. या तिन्हींत दारू आणि गोळी तोंडातून ठासायची. त्यानंतर मागून काडतूस भरण्याच्या बंदुका आल्या, आणि शेवटी बोल्ट व मॅगझिनच्या रायफली.

चकमकीच्या लष्करी बंदुकीत ईस्ट इंडिया कंपनीची ‘ब्राउन बेस’ मुख्य. तिचा बोअर सुमारे पाऊण इंच आणि नळी आतून गुळगुळीत, म्हणून ती मस्केट. रायफल म्हणायला नळीत पिळदार खाचा हव्यात. कंपनीची खूण घोड्याजवळच्या पत्र्यावर सापडते : आधीच्या काळात हृदयाच्या आकाराची चौकट आणि तिच्यात कंपनीची अक्षरे, पुढे पंजात मुकुट धरलेला सिंह.

टोपीची सर्वांत प्रसिद्ध रायफल १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड. बोअर .५७७, नळीभोवती तीन पट्ट्या, सुमारे साडेचार फूट लांब. चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७ चा भडका उडाला तो हिच्याच. त्या वर्षी ३१ जुलैला कोल्हापुरात २७ व्या मुंबई पलटणीने बंड केले. नंतर ब्रिटिशांनी धडा घेतला. देशी पलटणींना आतून गुळगुळीत केलेली, कमी पल्ल्याची एनफिल्ड देण्यात आली आणि पुढेही देशी सैन्याला एक पिढी मागचे शस्त्र देण्याचे धोरण राहिले. म्हणून बाहेरून एनफिल्ड दिसणारी पण आतून खाचा नसलेली बंदूक सापडली तर ती बिघडलेली समजू नये. राजकीय अविश्वासातून मुद्दाम तशी घडवलेली ती वस्तू असू शकते, आणि इतिहासाच्या दृष्टीने तिला स्वतंत्र महत्त्व आहे.

१८६० च्या दशकात जुन्या एनफिल्डच्या मागच्या बाजूला उजवीकडे उघडणारे झाकण बसवून ‘स्नायडर’ तयार केली गेली. १८७१ मध्ये ‘मार्टिनी-हेन्री’ आली. तिला बाहेर घोडा नाही, चापाखाली लांब तरफ आहे. ती खाली ओढली की काडतुसाची जागा उघडते. हिच्या .४५० बोअरची भीती सरकारला इतकी होती, की १९०७ मध्ये हिंदुस्थानात .४५० ची काडतुसे आणण्यावर बंदी आली. मग लंडनच्या कारागिरांनी हत्ती-वाघाच्या शिकारीसाठी .४७० सारखे नवे बोअर काढले. त्यामुळे घरात .४७० ची दुनाळी निघाली तर ती बहुधा या बंदीच्या सुमाराची किंवा तिच्या नंतरची.

एका रायफलीवरची अक्षरे

आपल्याकडे सर्वांत जास्त ओळखीची लष्करी रायफल म्हणजे ‘थ्री नॉट थ्री’, म्हणजेच ली-एनफिल्ड. पोलीस चौकीत, बँकेच्या दारात, होमगार्डच्या संचलनात ती अनेकांनी पाहिली आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हातात हीच जुनी रायफल होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो थेट २०२० च्या प्रजासत्ताक दिनी.

ही रायफल समोर आडवी ठेवली, तोंड डावीकडे नव्हे तर उजवीकडे असेल अशी, की उजवी बाजू आपल्याकडे येते. लाकडी दस्ता जिथे लोखंडी सांगाड्यात शिरतो तिथे, बोल्टच्या मुठीखाली, लोखंडाचा गोलसर भाग दिसतो. सगळा जन्मदाखला तिथे आहे. वर मुकुट. त्याखाली जी, आर, आय ही अक्षरे : जॉर्ज रेक्स इम्पेरेटर, म्हणजे राजा आणि सम्राट जॉर्ज. पुढे कारखान्याचे नाव, समजा ईशापूर. मग वर्ष, समजा १९४१. सर्वांत खाली नमुन्याचे नाव : ‘शॉर्ट ली-एनफिल्ड’ची संक्षिप्त अक्षरे आणि रोमन तीन, शेजारी चांदणी. यावरून एवढे कळते की ही कोलकात्याजवळच्या ईशापूरच्या कारखान्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बनली, आणि नमुना मार्क तीन स्टार. मूळ मार्क तीन १९०७ चा. पहिल्या महायुद्धात उत्पादनाचा वेग वाढवायला त्यातले काही भाग वगळले गेले, ती चांदणी १९१६ ची.

ईशापूरऐवजी एनफिल्ड, बी. एस. ए. किंवा एल. एस. ए. दिसले तर रायफल इंग्लंडची. लिथगो दिसले तर ऑस्ट्रेलियाची. प्रजासत्ताक झाल्यावर ईशापूरच्या रायफलीवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. १९६० च्या दशकात ईशापूरनेच याच सांगाड्यावर ७.६२ मिलिमीटरची रायफल बनवली, नाव ‘टू ए’ आणि ‘टू ए वन’. लांबून ती .३०३ सारखी दिसते, पण मॅगझिन जास्त चौकोनी असते. दोघींची काडतुसे वेगळी. हा फरक न ओळखणे जिवावर बेतू शकते.

आता नंबर. सांगाड्यावरचा नंबर, बोल्टच्या मुठीमागचा नंबर, तोंडाकडच्या लोखंडी टोपणावरचा, मागच्या माशीच्या पट्टीखालचा. हे सगळे जुळले तर रायफल कारखान्यातून निघाली तशी आहे. बोल्टचा नंबर वेगळा असेल तर तो भाग दुसऱ्या रायफलीचा आहे. अशी रायफल चालवणे धोक्याचे, आणि संग्राहकाच्या लेखी तिचा भाव बराच उतरतो.

लहान खुणाही बोलतात. बाणाखाली ‘आय’ हे अक्षर म्हणजे हिंदुस्थान सरकारची मालकी. ‘डी. पी.’ म्हणजे फक्त कवायतीसाठी ठेवलेली, गोळी झाडायला अयोग्य ठरवलेली. मॅगझिनच्या पुढे लाकडातून आडवा गेलेला स्क्रू म्हणजे हिंदुस्थानी हवामानात लाकूड फाटू नये म्हणून ईशापूरने केलेली मजबुती. नळीच्या लाकडावर तांब्याची तार गुंडाळलेली असेल तर ती रायफल ग्रेनेड फेकायला वापरलेली असण्याचा संभव. काडतुसाच्या बुडावर ‘के’ आणि ‘एफ’ असेल तर ते पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचे. १८६९ मध्ये सुरू झालेला हा कारखाना आजही चालू आहे.

खरी की बनावट?

वायव्य सरहद्दीवरच्या कारागिरांनी इंग्रजी रायफलींच्या हुबेहूब नकला हाताने घडवल्या. त्या ओळखायचे साधन म्हणजे इतिहासाचे कॅलेंडर. व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१ मध्ये वारली. सातवा एडवर्ड १९०१ ते १९१०, पाचवा जॉर्ज १९१० ते १९३६. ‘व्ही. आर.’ या राणीच्या अक्षरांखाली १९०७ हे साल दिसले तर कारागिराने ठसा नुसता पाहून उतरवला, अर्थ न समजता. इंग्रजी अक्षर उलटे पडणे, स्पेलिंग चुकणे, ठसा वेडावाकडा बसणे, ही पुढची लक्षणे. शोभेसाठी आणि पर्यटकांसाठी बनवलेल्या बंदुकांवर पितळेच्या मोठ्या अक्षरांत कंपनीचे नाव आणि साल बसवलेले असते. कंपनीच्या कारागिराने आपली खूण अशी जाहिरातीसारखी कधी लावली नाही.

तरीही नक्कल म्हणजे टाकाऊ नव्हे. सरहद्दीवर हाताने घडवलेली रायफल हा स्वतंत्र कारागिरीचा नमुना आहे. ती खरी इंग्रजी म्हणून विकणे, फसवणूक ती तिथे. आणि अशा रायफलीचे पोलाद कारखान्याच्या कसोटीवर उतरलेले नसते, म्हणून ती झाडणे जिवाशी खेळ आहे.

किंमत कशी ठरते?

ली-एनफिल्डच्या सर्व प्रकारांचे मिळून एकूण उत्पादन सुमारे १ कोटी ७० लाख मानले जाते. म्हणजे साधी महायुद्धकालीन थ्री नॉट थ्री दुर्मीळ नाही. तिचे मोल वाढते ते चार गोष्टींनी : नंबर जुळणे, मूळ लाकूड आणि धातूचा रंग शाबूत असणे, पलटणीची किंवा संस्थानाची खूण असणे, आणि ती कोणाकडून कोणाकडे आली याचा लेखी पुरावा असणे. शिकारीसाठी लाकूड कापून हलकी केलेली लष्करी रायफल संग्राहकाला सहसा नको असते. नामांकित इंग्लिश पेढीने मुळातच शिकारीसाठी घडवलेली रायफल मात्र वेगळ्या वर्गातली, आणि तिचा मूळ पेटारा व बिल मिळाले तर मोल आणखी वाढते.

परदेशातल्या लिलावाचे आकडे पाहून हरखून जाऊ नये. ते आकडे आपल्या दारात लागू होत नाहीत. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. देशातही बंदूक विकत घेणारा परवानाधारक हवा आणि बोअर त्याच्या परवान्यात बसायला हवा. प्रतिबंधित बोअरच्या रायफलीला म्हणून मोकळा बाजार जवळजवळ नाहीच. हे कळले की ‘आजोबांची रायफल लाखोंची’ ही स्वप्ने विरतात, आणि विरलेली बरी. त्या स्वप्नांच्या मागे लागून माणसे दलालांच्या हाती सापडतात.

मूल्यांकन परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडून लेखी घ्यावे, आणि शक्य तर दोघांकडून. भंगारवाल्याला किंवा ‘पुराण्या वस्तू घेणाऱ्या’ फेरीवाल्याला बंदूक दाखवूही नये. परवाना मिळणार नाही, विक्रीही होणार नाही, असे ठरले तर संग्रहालयाचा मार्ग उरतो. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय, साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय, कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातले संग्रहालय इथे जुनी शस्त्रे जपलेली आहेत. संग्रहालयाशी पत्रव्यवहार करताना फोटो, मापे आणि कागदांच्या प्रती पाठवाव्यात. देणगीचा व्यवहारही पोलिसांच्या माहितीतच व्हायला हवा.

जपणूक

कायदेशीर ताबा असलेल्या जुन्या बंदुकीचे सर्वांत मोठे नुकसान घरचे लोक प्रेमाने करतात. सँडपेपरने गंज घासतात, ॲसिड लावतात, दस्त्याला चकचकीत पॉलिश मारतात. एका दुपारच्या घासण्यात ठसे पुसट होतात आणि दीडशे वर्षांचा धातूचा रंग निघून जातो. तो परत आणता येत नाही. पावसाळ्यात बदलापूर-अंबरनाथची हवा ओल धरते, त्यामुळे कोरड्या सुती कापडाने पुसून बंदुकीच्या तेलाचा पातळ हात फिरवावा, एवढेच पुरे. चामड्याच्या म्यानात बंद करून ठेवू नये, कारण चामडे ओल धरते आणि आतून गंज चढतो. स्क्रू उघडायचे असतील तर योग्य मापाचा स्क्रूड्रायव्हर असलेल्या परवानाधारक कारागिरालाच उघडू द्यावेत.

आणि एक काम आजच करावे. घरात बंदूक असेल आणि ती कोणाकडून आली हे सांगणारे माणूस हयात असेल, तर त्यांच्याजवळ बसून ते लिहून घ्यावे. नावे, गाव, सालाचा अंदाज, परवाना कोणाच्या नावे, पहिल्यांदा घरात कधी आली. खाली त्यांची सही आणि तारीख घ्यावी. परवान्याच्या प्रत्येक पानाचा फोटो काढावा, बंदुकीवरच्या प्रत्येक ठशाचा फोटो काढावा, आणि वारसाच्या अर्जाची तयारी परवानाधारक हयात असतानाच सुरू करावी. कागद जपला तर बंदूक कायद्याने घरात राहू शकते, विकता येते किंवा सन्मानाने संग्रहालयात जाऊ शकते. कागद गेला तर यांतला प्रत्येक मार्ग कठीण होतो.